मटणासारखे, पण मटण नव्हे

(मंडळाच्या मकरसंक्रांतीच्या स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तिळगूळ हातात देऊन झाल्यावर मटणाचा विषय काढणे बरे दिसत नाही, याची मला कल्पना आहे. मी आहारतज्ज्ञ नाही, डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला साधा इंजिनियर आहे. तरी मंडळाने हा विषय मलाच दिला, त्यामागे एक इतिहास आहे. पहिल्या दोन रांगांतल्या सगळ्यांना तो ठाऊक आहे. मागे बसलेल्यांसाठी सांगतो, कारण चूक माझी होती.

गेल्या गणपतीत विसर्जनानंतरच्या श्रमपरिहाराच्या जेवणाची जबाबदारी माझ्याकडे होती. दरवर्षी मांसाहारी मंडळींना सावजी मटण आणि शाकाहारी मंडळींना वरण-भात, वांग्याची भाजी, फार तर पनीर. दहा दिवस सगळे एका मांडवात राबतात आणि अकराव्या दिवशी जेवणाचे दोन गाव होतात, हे मला खटकत होते. म्हणून मी ठरवले, शाकाहारी पंगतीलाही तोच मसाला, तोच काळा तवंगदार रस्सा द्यायचा. आचारी नागपूरचा होता. त्याने वेगळ्या कढईत सोयाबीनच्या मोठ्या वड्या घालून असा काही रस्सा केला की वास थेट रस्त्यापर्यंत.

आपल्या सेक्टरमधल्या एक आजी, जन्मभर शाकाहारी, पंगतीला बसल्या होत्या. पहिला घास तोंडात गेला आणि त्या थांबल्या. घास हातावर काढला, उजेडात धरून पाहिला, पाणी प्यायल्या आणि उठल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांच्या सूनबाई माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, वाढताना कढया बदलल्या का?"

दुसऱ्या दिवशी मी सोयावडीचे रिकामे पाकीट घेऊन त्यांच्या घरी गेलो. आजींनी चष्मा लावून ते वाचले, हिरवा ठिपका पाहिला आणि म्हणाल्या, "कागद खरा असेल रे बाबा. पण दाताला ते तसंच लागलं. मी आता दाताचं ऐकू की कागदाचं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आणि त्याच कढईतली भाजी आमच्या बाबांनी तीन वेळा मागून घेतली होती. बाबांचे मटण हृदयाच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी बंद केलेले. म्हणजे एकच वडी. एकजण तिच्यामुळे पानावरून उठली आणि एकजण तिच्यामुळे पानावर बसून राहिला. गेले चार महिने मी याच कोड्याचा विचार करतो आहे.

"नकली मटण" म्हटले की आपल्याला वाटते हे अमेरिकेचे खूळ. पण आपल्यापैकी निम्मे लोक नागपूर, भंडारा, गोंदियाकडचे. पाटवडी रस्सा कोणी खाल्ला नाही असा माणूस या सभागृहात सापडणार नाही. बेसन फोडणीत शिजवायचे, ताटात थापायचे, वर खोबरे-कोथिंबीर, शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि त्यावर मटणाचाच म्हणावा असा रस्सा ओतायचा. सुके खोबरे, खसखस, दगडफूल, मोठी वेलची, आणि जुन्या घरांत जवसाचे तेल. सावजी जेवण हे नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाचे. विणकामाचा धंदा बसत गेला तसे अनेक घरांनी भोजनालये काढली आणि घरातली चव रस्त्यावर आली. त्या भोजनालयांत मटणाशेजारी पाटवडी असतेच, कारण चार मित्र आले तर त्यांत एक न खाणारा असतोच.

पुणे जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावकडे जा, तिथे मासवडी मिळते. नाव ऐकून नवखा माणूस दचकतो. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरे, कांदा, लसूण यांचे सारण भरून ओल्या फडक्यावर वळतात आणि कापतात. काप माशाच्या तुकडीसारखे दिसतात म्हणून मासवडी. आत मासा औषधालाही नाही. कोकणात सुरणाचे आणि कच्च्या केळ्याचे काप रवा लावून तव्यावर परततात, अगदी सुरमईसारखे. भिलाईत आपले शेजारी बंगाली आहेत. ते फणसाला "गाछ पांठा", म्हणजे झाडावरचा बोकड म्हणतात. हरभऱ्याच्या डाळीच्या वड्यांचा त्यांचा जो रस्सा आहे, त्यातल्या वडीचे नावच "धोका". यापेक्षा स्वच्छ लेबल कोणत्या कंपनीने लावले आहे?

छत्तीसगढही मागे नाही. दिवाळीत जिमीकांदा, म्हणजे आपले सुरण, दही किंवा चिंचेच्या आंबटात शिजवतात. त्यातले ऑक्झलेटचे बारीक स्फटिक घशाला खाजवतात, म्हणून आंबट हवे. कोचईच्या पानांना उडदाचे वाटण लावून उकडायचे, तुकडे तळून कढीत सोडायचे, ते इड़हर. आणि पावसाच्या पहिल्या सरींनंतर बस्तरच्या सालवनातून येणारा बोडा! मातीतून निघणारी ही छोटी गोळीसारखी अळंबी मटणापेक्षा महाग विकली जाते आणि तरी हातोहात संपते. श्रावण तोंडावर असतो ना.

या यादीत एक गोष्ट लक्षात घ्या. यांतले काहीही कोणाला फसवण्यासाठी केलेले नाही. पाटवडी दातांखाली बेसनच लागते. मटणाचा आहे तो रस्सा, मसाला, भाकरी कुस्करून खाण्याची पद्धत आणि कपाळावर येणारा घाम. आजींनी जन्मभर पाटवडी आनंदाने खाल्ली आहे, हे मी मुद्दाम विचारून आलो.

सोयावडीची जात वेगळी. तिची नक्कल दातांपर्यंत जाते. ती कशी, हे सांगायला मला आवडेल, कारण इथे थोडे यंत्रशास्त्र येते.

सोयाबीनमध्ये तेल साधारण १८ ते २० टक्के. कारखान्यात हेक्झेन नावाच्या द्रावकाने ते तेल काढून घेतात. मागे जे उरते त्याचे पीठ म्हणजे निम्म्याहून अधिक प्रथिन. हे पीठ थोड्या पाण्याबरोबर एका लांब नळीत घालतात, आत फिरता स्क्रू असतो. आपला शेवेचा सोऱ्या आडवा करून त्याला मोटर आणि हीटर लावला असे समजा. आत दाब वाढतो, तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या बरेच वर जाते, पण दाबामुळे पाण्याची वाफ होऊ शकत नाही. प्रथिनांचे गुंडाळलेले रेणू उलगडतात आणि स्क्रूच्या ढकलण्याने एका दिशेत ताणले जातात. तोंडाच्या छिद्रातून माल बाहेर पडला की दाब एकदम सुटतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि वडी फुगून तिच्यात पदर आणि पोकळ्या तयार होतात. हेच ते पदर, जे आजींच्या दातांना मांसाच्या तंतूंसारखे लागले. अमेरिकेतील आर्चर डॅनियल्स मिडलँड या कंपनीने १९६० च्या दशकात ही पद्धत बसवली. आपल्याकडे पिवळे सोयाबीन मध्य प्रदेशात रुजले तेही त्याच दशकात. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने आणि पंतनगरने इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने ते काम केले. पुढे इंदूरच्या रुची सोयाने न्यूट्रेला बाजारात आणली आणि आपल्या कॉलनीत त्या वडीचे नावच न्यूट्रेला पडले. २०१९ मध्ये ती कंपनी पतंजलीने घेतली.

पाकिटावर ५२ टक्के प्रथिन लिहिलेले असते आणि व्यायामशाळेत जाणारी आपली मुले ते वाचून खूश होतात. पण तो आकडा कोरड्या वडीचा. १०० ग्रॅम वडी भिजून सुमारे ३०० ग्रॅम होते, म्हणजे ताटातल्या १०० ग्रॅममध्ये १७ ग्रॅमच्या आसपास. मटण किंवा पनीर यांच्या जवळपास, त्यांच्या अडीचपट नव्हे. तरीही दरात तिच्याशी स्पर्धा करणारे काही नाही. पाटवडीत बेसनाच्या दुप्पट पाणी असते, तिचा आकडा याच्या निम्म्यावर येतो. आणि बी-१२ हे जीवनसत्त्व या वड्यांपैकी कशातच नाही. दूधही सोडणाऱ्यांनी तेवढे डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

आता अमेरिकेचे खूळ. २००९ मध्ये बियाँड मीट आणि २०११ मध्ये इम्पॉसिबल फूड्स या कंपन्या निघाल्या. त्यांना शाकाहाऱ्यांसाठी काही करायचेच नव्हते. मांस खाणाऱ्याला फरक कळू नये, हे त्यांचे ध्येय. बियाँडने वाटाण्याचे प्रथिन घेतले आणि रंगाला बीटचा रस. इम्पॉसिबलने आणखी खोल हात घातला. दुर्ग-बेमेतराकडच्या शेतकऱ्याला विचारा, सोयाबीनचे रोप उपटून मुळावरची गाठ फोडली की आत गुलाबी दिसते. गाठ गुलाबी म्हणजे पीक निरोगी. तो गुलाबी रंग ज्या पदार्थाचा, तो आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा चुलतभाऊ. त्याचे जनुक यीस्टमध्ये घालून त्यांनी तो टाकीत पिकवला आणि कटलेटमध्ये मिसळला. तव्यावर टाकले की त्यातून मांसासारखा रस सुटतो आणि वासही तसाच येतो. मी हे वाचले तेव्हा यंत्रशास्त्राचा माणूस म्हणून थक्क झालो आणि दुसऱ्याच क्षणी मला आजी आठवल्या.

मे २०१९ मध्ये बियाँडचा शेअर २५ डॉलरला विक्रीस आला, जुलैपर्यंत तो २३० च्या वर गेला. आपल्याकडेही वारे आले. उदयपूरच्या गुड डॉटने आधीच सुरुवात केली होती. २०२१ मध्ये रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनी इमॅजिन मीट्स काढली. मराठी घराचे नाव म्हणून आपल्याला विशेष. २०२२ मध्ये टाटा आणि आयटीसीसुद्धा उतरले. आणि मग? बियाँडचा शेअर ऑक्टोबर २०२५ मध्ये एक डॉलरच्याही खाली गेला होता. लोकांनी एकदा कुतूहलाने घेतले, पण पुन्हा घेणारे कमी निघाले. किंमत जास्त, चव जवळपास पण तीच नव्हे, आणि पाकिटाच्या मागे घटकांची अशी यादी की वाचताना चहा निवतो.

इथे भिलाईत तर गणित आणखी कठीण. शेजारी राजनांदगावला कोंबडीपालनाचा मोठा उद्योग आहे, त्यामुळे कोंबडी स्वस्त. आणि कोंबडी खाते काय? मका आणि सोयाबीनची पेंड. जगातल्या सोयाबीनचा तीन चतुर्थांशाच्या आसपास हिस्सा जनावरांच्याच पोटात जातो. म्हणजे ज्या पिठाची वडी होते, तेच कोंबडीला घालून आपण कोंबडी खातो. मधला टप्पा गाळला तर बचत व्हायला हवी, हे कोणताही इंजिनियर सांगेल. साध्या वडीत ती होतेही. पण वडीला मटणाचे हुबेहूब रूप द्यायला गेलात की गोठवणूक, वाहतूक, जाहिरात, सगळे मिळून ती बचत खाऊन टाकतात.

मग हे हवे असते कोणाला? २०१४ च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील शाकाहाऱ्यांचे प्रमाण राजस्थानात सुमारे ७५ टक्के, महाराष्ट्रात ४० आणि छत्तीसगढमध्ये १८ टक्के निघाले. म्हणजे आपल्या आजूबाजूला पाचांतले चार खाणारे. पण त्या चारांतले किती जण सोमवारी, श्रावणात, नवरात्रात, गणपतीत खात नाहीत ते मोजा. किती जणांनी वारीला जाऊन माळ घातली आणि मटणाची चव मात्र जिभेवर राहून गेली! नवरा खाणारा, बायको न खाणारी, अशी घरे तर आपल्या मंडळात कितीतरी. रनिंग रूममध्ये मी पाहिले आहे, दोन लोको पायलट शेजारी जेवायला बसतात, एक शिवत नाही म्हणून दुसराही त्या दिवशी डाळच घेतो. जन्मभर न खाल्लेल्याला या वस्तूची गरज नाही. खाऊन सोडलेल्याला, किंवा सोडू पाहणाऱ्याला आहे.

आमच्या बाबांचे सांगतो. प्लांटमध्ये नोकरी असताना रविवारी पहाटे ड्यूटी नसली की ते सुपेल्याच्या बाजारात जायचे. मटण स्वतः निवडून आणायचे, मसाला आई वाटायची, पण चुलीपाशी त्या दिवशी बाबा. दुपारी शेजारच्या दोन घरी वाटी जायची. दुखण्यानंतर हे बंद झाले. मी रायपूरहून महागाचे गोठवलेले नकली मटण आणले, मोठ्या अपेक्षेने त्यांच्या पुढे ठेवले. दोन तुकडे खाऊन ते म्हणाले, "चांगलं आहे." आणि ताट सारले. नंतर मी पाकीट वाचले तर त्यात मीठ इतके की हृदयाच्या रोग्याला ते द्यायलाच नको होते. त्यानंतरच्या रविवारी आईने मसाला वाटून त्यांच्यापुढे ठेवला आणि सोयावडी भिजवली. दोनदा गरम पाण्यातून काढून घट्ट पिळायची, म्हणजे तो कच्चा वास जातो, मग दह्यात अर्धा तास. बाबांनी स्वतः परतले, स्वतः मीठ घातले, चाखून दोनदा तोंड वाकडे केले. दुपारी शेजारी वाटी गेली. तेव्हापासून दर रविवारी जाते. शेजारच्या काकूंनी मला एकदा जिन्यात गाठून सांगितले की मटणाची वाटी जास्त छान असायची, पण बाबांना सांगू नको.

दुसऱ्या बाजूचेही ऐकायला हवे, आणि त्यासाठी लांब जायला नको. याच छत्तीसगढच्या मातीत गुरू घासीदासांचा सतनाम पंथ उभा राहिला. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात नोंद आहे की या पंथाच्या नियमांत मद्य-मांसाबरोबर मसूर, मिरची, टोमॅटो अशा लाल वस्तूही वर्ज्य होत्या, कारण त्यांचा रंग रक्तासारखा. म्हणजे मांस नको इतकेच नव्हे, मांसाची आठवणही नको. आपल्याकडेही कितीतरी घरांत मसूर शिजत नाही. इथल्या बायका अख्खा रखिया, म्हणजे कोहळा, स्वतः चिरत नाहीत. तो घरातला थोरला मुलगा मानतात. आधी पुरुषाने सुरी लावायची, मग त्या पुढचे करतात आणि त्याच कोहळ्याच्या वड्या घालतात. आपल्याकडे खंडेनवमीला बोकडाच्या जागी कोहळा कापतात. पर्याय आहे खरा, पण तोही जीव मानूनच. ज्यांची नजर अशी घडली आहे, त्यांच्या पानात "अगदी मटणासारखे लागते" असे सांगत काही वाढणे म्हणजे त्यांचा मान ठेवणे नव्हे. मी नेमके तेच केले, आणि तेही न सांगता.

सरकारने २०२२ मध्ये व्हीगन खाद्यपदार्थांचे नियम केले, त्यांचे वेगळे चिन्ह आले. चांगले झाले. पण हिरवा ठिपका फक्त आत काय आहे ते सांगतो. दातांना काय लागेल ते वाढणाऱ्यानेच सांगायला हवे.

म्हणून या वर्षीच्या श्रमपरिहारासाठी कार्यकारिणीपुढे माझी सूचना अशी. रस्सा एकच, सगळ्यांचा, पूर्ण शाकाहारी, वेगळ्या चुलीवर आणि आधी शिजवलेला. मटण कोरडे, त्याची कढई वेगळी, पळी वेगळी, वाढपी वेगळे. सोयावडी तिसऱ्या भांड्यात, समोर मोठ्या अक्षरांत पाटी: "सोयाबीन वडी, दातांना मटणासारखी लागते." ज्याला हवी त्याने मागून घ्यावी. आणि पाटवडी सगळ्यांना. फक्त ती रस्स्यात आधी सोडायची नाही, विरघळून पिठले होते; पानात ठेवून वर रस्सा ओतायचा. अंदाजे आठ किलो बेसन लागेल, आणि थापायला पाच-सहा हात. नावे माझ्याकडे द्यावीत.

आजींकडे मी परवाच जाऊन आलो. त्यांना म्हटले, यंदा तुमच्यासाठी पाटवडी मी स्वतः थापतो. त्या म्हणाल्या, "नको, ती मी थापते. तू रस्स्याकडे बघ."